नोकरी, स्वयंपाक आणि प्रवास सांभाळून योग-ध्यान: रोजच्या दिवसात अभ्यास कसा बसवायचा

एक जानेवारीला आणि २१ जूनला योगवर्ग भरून जातात. पहिल्या आठवड्यात सतरंजी टाकायला जागा उरत नाही. मग हळूहळू माणसं गळायला लागतात, आणि विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: वेळच मिळत नाही हो. हे उत्तर खोटं नसतं. पहाटे उठून तीन डबे भरणाऱ्या बाईला किंवा बदलापूरहून रोज लोकल धरणाऱ्या माणसाला कुणी "पहाटे तासभर योग करा" असं सांगत असेल, तर तो सल्ला त्यांच्यासाठी नाहीच.

नोकरदार आणि घर सांभाळणाऱ्या माणसांना शिकवताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: योगासाठी दिवसात नवा तास शोधत बसू नका. अंथरुणातून उठणं, पहिला चहा, गाडीची वाट पाहणं, जेवायला बसणं, दिवा मालवणं या गोष्टी तुमच्या दिवसात न चुकता घडतातच. भिंतीवरच्या खुंट्यांसारख्या त्या जागच्या जागी असतात. अभ्यासाचा एकेक लहान भाग एकेका खुंटीला अडकवला, की तो टिकतो.

पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादातलं चौदावं सूत्र अभ्यास पक्का कसा होतो ते सांगतं. तिथे तीन अटी आहेत: दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदराने. रोज किती वेळ करायचा, याचा तिथे उल्लेखही नाही. दहा मिनिटांचा अभ्यास वर्षभर चालू राहिला तर तिन्ही अटी पूर्ण होतात. रोज दोन तास करून तिसऱ्या आठवड्यात बंद पडला, तर पहिल्या दोन तर नक्कीच मोडतात.

क्रम मात्र पाळा. आधी शरीर, मग श्वास, मग बसणं, आणि त्याच्या जोडीने हळूहळू बाकीचा दिवस. दिवसभर खुर्चीत आखडलेलं शरीर घेऊन थेट ध्यानाला बसलं, तर सगळा वेळ पाठीशी आणि गुडघ्यांशी झगडण्यात जातो आणि माणूस समजतो की आपल्याला ध्यान जमत नाही.

सुरू करण्याआधी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, सरकलेली मणक्याची गादी, हर्निया, ठिसूळ झालेली हाडं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बोलताना नेमकं विचारा. "योग करू का?" असं विचारलं की "करा, चांगलं असतं" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी चार प्रश्न विचारा: पुढे वाकू का? डोकं खाली जाईल अशी आसनं करू का? श्वास रोखू का? पोट जोरात आत मारू का? धोक्याच्या बहुतेक गोष्टी या चारांत येतात. काचबिंदू असताना डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. गादी सरकलेली असेल तर पुढे वाकल्याने कळ पायात उतरू शकते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास रोखणं आणि जोरजोरात कपालभाती करणं टाळायचं. आणि योग सुरू केला म्हणून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही.

जागा सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असली तरी पुरते. पलंग आणि कपाटाच्या मधली पट्टीसुद्धा चालते. टाइल्सवर सतरंजी सरकते, म्हणून उभ्याने करायच्या आसनांना मॅट बरी. शिवाय एक जाड चादर, एक उशी, मोकळी भिंत आणि हात नसलेली एक खुर्ची एवढं जवळ ठेवा. खुर्ची, भिंत, दोर, ठोकळे यांचा आधार घेऊन कोणत्याही वयाच्या माणसाला आसन करता येतं, हे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी आयुष्यभर शिकवून दाखवलं. तेव्हा आधार घेणं कमीपणाचं मानू नका. साठीनंतर सुरू करणाऱ्यांनी तर भिंतीपासूनच सुरुवात करावी.

पोटभर जेवणानंतर आसनांसाठी तीन-चार तास जाऊ द्या. सकाळी उठून पाणी प्यायलात तर हरकत नाही.

पहिले दोन आठवडे: फक्त शरीर

या दोन आठवड्यांत ध्यान नाही आणि प्राणायामही नाही. सकाळची दहा मिनिटं, तीही शक्यतो फोनला हात लावण्याआधी.

सुरुवात अंथरुणातच होते. पाठीवर पडल्या पडल्या दोन्ही हात डोक्याच्या वर लांब करा, टाचा पुढे ढकला आणि अंग दोन्हीकडून ताणा. तीन-चार श्वास तसंच राहा. मग एकेक गुडघा पोटाशी घ्या. उठताना कुशीवर वळा, हाताचा रेटा देऊन बसा, क्षणभर थांबा आणि मगच उभे राहा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून त्यांनी तर हे विसरूच नये.

मग ताडासन. दिसायला हे नुसतं उभं राहणं आहे, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. पावलं समांतर ठेवा, मध्ये वीतभर अंतर. आता डोळे उघडे ठेवून पाहा की वजन कुठे आहे. बहुतेकांचं एका पायावर जास्त असतं, कुणाचं टाचांवर, कुणाचं चवड्यांवर. ते चारही कोपऱ्यांवर सारखं आणा. गुडघे मागे ताठ दाबू नका. खांदे एकदा कानांपर्यंत उचला आणि सोडून द्या. हनुवटी किंचित आत. श्वास घेत दोन्ही हात वर न्या, बोटं गुंफून तळवे छताकडे करा, आणि टाचा जमिनीवर ठेवूनच वर ताणा. पाच श्वास. वजन कुठे आहे हे पाहणं म्हणजेच सजगतेचा पहिला धडा आहे, आणि तो तुम्ही पुढे बसस्टॉपवर, रेशनच्या रांगेत, ओट्यापाशी वापरणार आहात. म्हणून ताडासनाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

त्यानंतर कटिचक्रासन: हात खांद्याच्या रेषेत पसरून कमरेतून उजवीकडे आणि डावीकडे सावकाश वळायचं, प्रत्येक बाजूला चार-पाच वेळा. मग मार्जारासन: गुडघे आणि तळवे जमिनीवर, श्वास घेताना पाठ खाली आणि नजर समोर, सोडताना पाठ वर आणि हनुवटी छातीकडे. गुडघे दुखत असतील तर हेच उभ्याने, दोन्ही हात टेबलावर टेकून करा. मग पालथं झोपून भुजंगासन. यात हातांच्या जोरावर वर उठायचं नसतं. पाठीच्या स्नायूंनी छाती जेवढी उचलली जाईल तेवढीच उचला, बेंबी जमिनीला टेकलेली राहू द्या. गरोदरपणात, हर्नियात आणि पोटाच्या ऑपरेशननंतर भुजंगासन नाही.

शेवटी दोन मिनिटं शवासन. घाईच्या दिवशी पहिल्यांदा हेच गाळलं जातं. गाळायचंच असेल तर भुजंगासन गाळा.

सूर्यनमस्कारांची सवय शाळेपासून असलेल्यांनी ते जरूर करावेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा एवढा प्रसार केला, की महाराष्ट्रात व्यायाम म्हटलं की नमस्कार हेच अनेकांना आठवतं. पण बारा स्थितींचा हा नमस्कार कित्येक वर्षांनी करत असाल तर तीन-चारांपासून सुरू करा. वेगाचं माप सोपं आहे: श्वास नाकानेच चालला पाहिजे. तोंड उघडावं लागलं, तर वेग जास्त झालाय.

तिसरा आणि चौथा आठवडा: श्वास

आता आसनांनंतर पाच मिनिटं वाढवायची. पहिले दोन दिवस श्वासात काहीही बदल करू नका, फक्त मोजा. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. एक हात पोटावर, एक छातीवर ठेवा आणि कुठला हात आधी हलतो ते पाहा. ताणात असताना बहुतेकांचा छातीवरचा हात हलतो आणि पोट जागचं हलत नाही. पोटाचा पट्टा किंवा साडीची गाठ आवळलेली असेल तर सैल करा, निम्मं काम तिथेच होतं.

मग श्वास सोडण्याचा वेळ वाढवा. आपण श्वास घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा कमी होतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हा परिणाम असतो. श्वास सोडणं लांबवलं की शरीराला शांत होण्याची सूचना जास्त वेळ मिळते. मनात चार अंक म्हणत श्वास घ्या आणि सहा अंक म्हणत सोडा. अंक सेकंदाच्या गतीने मोजलेत तर एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. ओढाताण वाटली तर तीन आणि चार असं मोजा. दमा असणाऱ्यांनी आकड्यांच्या मागे लागू नये, फक्त सोडणं घेण्यापेक्षा थोडं सावकाश असलं तरी पुरे. श्वास मध्ये कुठेही रोखायचा नाही.

अनुलोम-विलोम बहुतेकांना माहीत असतं, पण घाईने केलं जातं. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी हलकेच बंद करून डावीने घ्या, मग अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. पाच-सहा आवर्तनं खूप झाली. श्वासाचा आवाज शेजारच्याला ऐकू येत असेल तर जोर जास्त लागतोय. सर्दीने नाक चोंदलं असेल त्या दिवशी हे सोडून द्या.

भ्रामरी मात्र रात्रीसाठी राखून ठेवा. तोंड मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा हुंकार करायचा आणि तो ओठांत, नाकात, कपाळात कुठे थरथरतो ते पाहायचं. गुणगुणल्याने नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचं प्रमाण बरंच वाढतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. झोप न येणाऱ्यांना मी पहिला उपाय हाच सांगते, कारण हुंकारात श्वास सोडणं आपोआप लांबतं आणि अंक मोजावे लागत नाहीत.

कपालभातीविषयी माझं मत ठाम आहे. हठयोगाच्या परंपरेत तिची गणना शुद्धिक्रियांमध्ये होते. टीव्हीवर बघून, घड्याळ लावून, मिनिटाला किती झटके बसले याची स्पर्धा करत ती करू नये. समोर शिक्षक असतील तेव्हाच शिका. रोजच्या दिवसात शांतपणा आणायला तिची गरज नाही.

पाचव्या आठवड्यापासून: बसणं

योगसूत्रात आसनाची व्याख्या अगदी छोटी आहे: स्थिरसुखम् आसनम्. जिथे स्थिर राहता येतं आणि सुखही वाटतं, ते आसन. पद्मासन घातलंच पाहिजे असं त्यात नाही. मांडी घालून बसणार असाल तर बुडाखाली चादरीची जाड घडी किंवा पाट घ्या, एवढा उंच की गुडघे कमरेच्या खाली येतील. गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की पाठीला बाक येतो आणि थोड्याच वेळात कंबर बोलायला लागते. खाली बसवत नसेल तर खुर्चीत बसा, पण पाठ टेकू नका आणि पावलं पूर्ण जमिनीला लागू द्या. पोचत नसतील तर खाली पाट ठेवा.

फोनवर पाच मिनिटांचा गजर लावा आणि फोन पालथा, हाताला येणार नाही असा ठेवा. डोळे मिटा. नाकपुड्यांच्या टोकाशी श्वास आत जाताना किंचित गार आणि बाहेर येताना कोमट लागतो, तिथे लक्ष ठेवा. श्वास ओढायचा नाही, लांबवायचा नाही. तो येतोय तसा जाणायचा.

काही क्षणांत मन निघून जाईल. गॅसचं बुकिंग, मुलाची फी, काल कुणी काय बोललं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो की मन चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे. आणि त्याच अध्यायात उपायही दिलेला आहे: ते जिथे जिथे जाईल तिथून तिथून परत आणा. म्हणजे मन जाणं हा बिघाड धरलेला नाही, ते जाणार हे गृहीतच धरलं आहे. मन गेलं हे कळलं, की "गेलं" असं मनात म्हणा आणि पुन्हा नाकाच्या टोकाशी या. पाच मिनिटांत तीस वेळा गेलं आणि तीस वेळा आणलंत, तर तीस वेळा अभ्यास झाला. ही गोष्ट एकदा नीट पटली की लोकांची निराशा जाते, असा माझा अनुभव आहे.

खाज सुटली तर लगेच खाजवू नका, दोन श्वास ती खाज कशी आहे ते पाहा आणि मग हवं तर खाजवा. पायाला मुंग्या आल्या तर पाय सोडा, सहन करण्यात काही मिळवायचं नाही. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडून समोर हातभर अंतरावर जमिनीकडे पाहा. रोजच झोप येत असेल तर तुम्हाला ध्यानाआधी झोपेची गरज आहे, रात्री अर्धा तास आधी झोपा. घरात लहान मूल असेल तर ते मांडीत येऊन बसणारच, येऊ द्या, त्याच्या श्वासाकडे लक्ष द्या.

श्वासावर मन लागतच नाही असं काहींना वाटतं. आपल्याकडे अनेक घरांत आजी-आजोबांची तुळशीची माळ असते. प्रत्येक मण्याला एक नाम, नामाबरोबर एक सोडलेला श्वास, हा तेवढाच चांगला आधार आहे. ज्यांची श्रद्धा विठ्ठलावर आहे त्यांनी विठ्ठलच घ्यावा, त्यासाठी वेगळं काही शोधायला जाऊ नये.

पाच मिनिटं दोन आठवडे सहज झाली की सात करा, मग दहा. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या आणि ताणाच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. आज मोबाइल ॲपवर माइंडफुलनेस या नावाने जे मिळतं, त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे. त्यातही शरीराकडे लक्ष देणं, हलकी योगासनं आणि बसणं हे सगळं एकत्र आहे, आणि घरी रोज करण्यावर भर आहे. ॲप वापरायला माझी हरकत नाही. फक्त आठवड्यातले दोन दिवस तरी त्या आवाजाशिवाय बसा.

एक इशारा गंभीरपणे द्यायचा आहे. डोळे मिटून बसल्यावर काहींना शांत वाटण्याऐवजी धडधड सुरू होते, जुने भयंकर प्रसंग डोळ्यांसमोर येतात. असं झालं तर नेट लावून बसू नका. डोळे उघडा, पावलं जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. पुढे बसून करायच्या ध्यानाऐवजी सावकाश चालत, पावलांकडे लक्ष देत अभ्यास करा. तीव्र नैराश्य, भास होणं, आत्महत्येचे विचार यांवर ध्यान हा इलाज नाही, तिथे मनोविकारतज्ज्ञच हवेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.

दिवसातल्या खुंट्या

सकाळची पंधरा-वीस मिनिटं जमायला लागली की खरं काम सुरू होतं, कारण चिडचिड सकाळी सतरंजीवर होत नाही. ती दुपारी चार वाजता साहेबांच्या मेलवर होते. पुढच्या खुंट्यांपैकी एका वेळी एकच निवडा आणि ती अंगवळणी पडल्यावर दुसरी घ्या. सगळ्या एकदम धरल्या तर आठवड्यात सगळ्याच सुटतात.

प्रवास ही सगळ्यात मोठी खुंटी, कारण तो वेळ तसाही जाणारच असतो. लोकलमध्ये उभे असाल तर सकाळचं ताडासन आठवा: वजन दोन्ही पावलांवर, गुडघे सैल, खांदे खाली. बॅगेचा पट्टा कुठे रुततोय ते पाहा आणि खांदा बदला. दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात फक्त सोडलेले श्वास मोजा, एक ते दहा, पुन्हा एकपासून. गर्दीचा धक्का बसला, कुणी वसकन ओरडलं, आकडा चुकला, तरी पुन्हा एक. बसायला जागा मिळाली तर डोळे मिटले तरी चालतील. दाराशी उभे असताना डोळे मिटायचे नाहीत. गाडी किंवा स्कूटर चालवतानाही नाही, आणि कानात ध्यानाचं रेकॉर्डिंग लावून तर नाहीच. चालवणाऱ्यांनी लाल सिग्नलला तीन जागा तपासाव्यात: जबडा, खांदे आणि हँडलवरची पकड. तिन्ही आवळलेले सापडतील. सोडा.

जेवण ही दुसरी. जेवायला बसल्यावर श्लोक म्हणायची आपली पद्धत होती आणि अजून काही घरांत आहे. त्यामुळे पानावर बसणं आणि पहिला घास यांच्यामध्ये थोडी जागा मिळायची. श्लोक म्हणत असाल तर चालू ठेवा, नसाल तर तेवढाच वेळ एक लांब श्वास सोडा आणि पानात काय काय आहे ते पाहा. मग पहिले पाच घास टीव्ही आणि फोनशिवाय. आमटीत आज चिंच आहे की आमसूल, भाकरी कुठे खरपूस लागतेय, एवढं कळलं पाहिजे. पाच घासांनंतर टीव्ही लावलात तरी मी काही म्हणणार नाही, पण बऱ्याच घरांत तो मग लावावासा वाटत नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सावकाश जेवणारा माणूस आपोआप बेताचं जेवतो. जेवणानंतर गुडघे साथ देत असतील तर पाच मिनिटं वज्रासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसता येईल. जेवणानंतर चालणाऱ्या मोजक्या आसनांत ते आहे.

ओट्यापाशी काम करणाऱ्यांनी कुकरच्या शिट्टीचा उपयोग करावा. शिट्टी झाली की एक श्वास सावकाश सोडायचा, खांदे खाली आणायचे, आणि पुढे जे चाललंय ते करायचं. कांदा चिरताना नजर आणि लक्ष सुरीवर ठेवणं हेही ध्यानच, आणि त्याने बोटंही वाचतात. स्वयंपाकघरातला ताण बऱ्याचदा उभं राहण्याचा असतो. पाय दुखत असतील तर एक पाऊल छोट्या पाटावर ठेवा आणि दर थोड्या वेळाने पाय बदला.

ऑफिसात वीस-वीस मिनिटांनी स्क्रीनवरून नजर उचलून साधारण वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा, हा सल्ला डोळ्यांचे डॉक्टरही देतात. त्याला एक लांब सोडलेला श्वास जोडा. पाणी आणायला उठाल तेव्हा बाटलीऐवजी पेला घ्या, म्हणजे उठणं जास्त वेळा होईल. फोनची रिंग वाजल्यावर पहिल्या रिंगला श्वास, दुसऱ्या रिंगला फोन.

पहिल्या चहाबद्दल जास्त काही सांगायला नको. पहिले तीन घोट फक्त चहाचे, वर्तमानपत्र नंतर.

माणसांमध्ये

योगसूत्रात मन प्रसन्न ठेवण्याचा एक उपाय पूर्णपणे दुसऱ्या माणसांशी असलेल्या वागण्याचा आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं काम करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. जावेच्या मुलाला आपल्या मुलापेक्षा जास्त मार्क पडले, बरोबरच्याला बढती मिळाली, तेव्हा आत जे कुरतडतं ते आधी शरीरात शोधा. कुणाच्या घशात येतं, कुणाच्या पोटात. तिथे तीन श्वास लक्ष ठेवा आणि मग अभिनंदनाचा फोन करा. आतून पूर्ण आनंद होईपर्यंत थांबायचं नाही, फोन केल्यावर तो थोडा येतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टोचून लिहिलं तर उत्तर टाइप करा, पण पाठवण्याआधी फोन खाली ठेवून दहा श्वास सोडा आणि पुन्हा वाचा. बऱ्याचदा निम्मा मजकूर तुम्हीच खोडाल. उपेक्षा म्हणजे अन्याय सोसणं, असा अर्थ मात्र कुणीही काढू नये. घरात मारहाण होत असेल, कामाच्या ठिकाणी छळ होत असेल, तर "ध्यान कर, शांत राहा" असं सांगणारा माणूस तुमच्या भल्याचं सांगत नाहीये. तिथे तक्रार करायची, मदत मागायची. सकाळच्या अभ्यासाचा उपयोग तिथे आवाज न कापता बोलण्यासाठी होईल.

रात्र

दिवा मालवल्यावर फोन हातभर दूर ठेवा. भ्रामरीचे पाच-सहा हुंकार. मग पाठीवर पडून पायाच्या अंगठ्यापासून वर एकेका अवयवावर लक्ष न्या: बोटं, पाऊल, पोटरी, गुडघा, मांडी. प्रत्येक जागी एक श्वास सोडा आणि पुढे चला. कंबरेपर्यंत पोचण्याआधीच झोप लागली तर उत्तम, पुन्हा पहिल्यापासून करायचं नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी हेच सकाळी पडदे ओढून करावं आणि आसनं उठल्यावर, मग ती दुपारी का असेनात.

खंड पडला तर

गणपती, लग्नसराई, परीक्षा, ताप, पाळी, पाहुणे. खंड पडायला कारणं भरपूर आहेत आणि ती सगळी खरी आहेत. म्हणून सर्वांत लहान अभ्यास आधीच ठरवून ठेवा: ताडासनात पाच श्वास. बाकी सगळं राहिलं तरी एवढं करायचं, आणि ते आंघोळीला जाताना बाथरूमच्या दाराबाहेरही होतं. आजारपणात तेवढंही नको, पडल्या पडल्या पाच श्वास जाणले तरी चालतात. पाळीच्या दिवसांत अंग सांगेल तेवढंच, डोकं खाली जाईल अशी आसनं टाळून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या दिवसाला पेनाने टिंब करा. सलग तीन दिवस टिंब दिसलं नाही तर चौथ्या दिवशी पूर्ण अभ्यासावर झेप घेऊ नका, पाच श्वासांनीच परत या.

शिक्षक कधी हवा आणि कुठे

वर सांगितलेला अभ्यास निरोगी माणसाला घरी सुरू करता येतो. पण जुनी पाठदुखी असेल, प्राणायामात पुढे जायचं असेल किंवा तीन महिन्यांनंतर अडकल्यासारखं वाटत असेल, तर शिक्षक गाठा. त्यासाठी महाराष्ट्रात फार दूर जावं लागत नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण आणि रक्तदाबाची मोजमापं घेऊन तपासलं. आजार सांभाळून योग करायचा असेल त्यांनी तिथे चौकशी करावी. मुंबईत श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली द योगा इन्स्टिट्यूट आज सांताक्रूझला आहे आणि तिचा भर संसारी माणसाच्या रोजच्या जगण्यावर आहे. सांधे आणि पाठीच्या तक्रारींसाठी अय्यंगार पद्धतीचे, आधार वापरून शिकवणारे शिक्षक मला जास्त योग्य वाटतात.

कुणाकडेही गेलात तरी पहिल्या दिवशी एक गोष्ट पाहा: तुमच्या आजारांची आणि औषधांची चौकशी झाली का? झाली नसेल तर तो वर्ग तुमच्यासाठी नाही. आसन लावायला अंगाला हात लावण्याआधी परवानगी विचारणारा, "आज एवढं पुरे" असं म्हणू देणारा शिक्षक निवडा. गोळ्या सोडा म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर अनेकांच्या मनात असतं. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या या पद्धतीत पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं असतं, म्हणजे जे तुम्ही घरी पाच मिनिटं करत आला आहात तेच, पण पहाटे चारला उठून, मौन पाळून, दिवसाला दहा तासांच्या आसपास. फी नसते, शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं बसण्याची काही महिन्यांची सवय असेल तर तिथले पहिले दिवस पुष्कळ सुसह्य होतात. अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांविषयी विचारतात, तिथे काहीही लपवू नका. आणि तारीख निवडताना परत आल्यावरचे दोन दिवसही मोकळे ठेवा, लगेच ऑफिसला जाऊ नका.